तिकीट जाहिरातदाराने काढलं

१ नोव्हेंबर १९६७ रोजी आकाशवाणीच्या विविध भारतीवर जाहिराती वाजायला सुरुवात झाली. सुरुवात प्रयोग म्हणून होती आणि तीन शहरांपुरती होती: मुंबई, पुणे आणि नागपूर. तिन्ही महाराष्ट्रातली. सरकारी रेडिओने साबण आणि टूथपेस्ट विकावी का, यावर दिल्लीत बराच काथ्याकूट झाला होता. सरकारने नेमलेल्या चंदा समितीने होकार दिला आणि प्रयोगाची जागा म्हणून आपला मुलूख निवडला गेला. आज मोबाइलवर फुकट सिनेमा बघताना ऐन रंगात जाहिरात येते तेव्हा आपण चडफडतो. हे खूळ इंटरनेटने आणलं, असं नव्या पिढीला वाटतं. करमणूक प्रेक्षकाला फुकट द्यायची आणि तिचे पैसे जाहिरातदाराकडून वसूल करायचे, हा व्यवहार आपल्याकडे रुजला त्याला आता अर्धशतकाहून जास्त काळ लोटला आहे.

मी तो आतल्या बाजूने पाहिला. मुंबईत एका जाहिरात कंपनीच्या मीडिया खात्यात माझी उमेदवारी झाली आणि त्याच खात्यातून मी निवृत्त झाले. जाहिरात लिहिणारे आणि तिचं चित्रीकरण करणारे वेगळे. आमच्याकडे काम असायचं ते ती कुठे, कधी, किती वेळा दाखवायची आणि त्याचे किती मोजायचे, हे ठरवण्याचं. त्यामुळे सिनेमाचा इतिहास मला दिग्दर्शकांच्या क्रमाने आठवत नाही. प्रेक्षकाच्या वतीने पैसे कोणी भरले, या क्रमाने आठवतो. त्याच क्रमाने तो इथे सांगते.

सिनेमा आपल्याकडे आला तो रोख पैशाचा धंदा म्हणून. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तेव्हा तिकीट एक रुपया होतं. त्या काळी एक रुपया ही मजुराच्या आवाक्यातली रक्कम नव्हती. दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला, तोही तिकिटावर. पुढे जत्रेजत्रेतून तंबू ठोकत हिंडणाऱ्या टुरिंग टॉकीजनी सिनेमा खेडोपाडी नेला. पण तंबूच्या दारातही हातावर नाणी ठेवावी लागतच. ज्याच्या खिशात नाणी नाहीत तो कनातीच्या फटीतून बघायचा, नाहीतर बाहेर बसून नुसते संवाद ऐकायचा.

थिएटरात जाहिरात मात्र फार लवकर शिरली. खेळ सुरू होण्याआधी काचेच्या स्लाइड पडद्यावर टाकत. गावातला सराफ, कापडाचं दुकान, चहाची पेढी. ती काच तळहाताएवढी असे आणि पेंटर तिच्यावर बारीक ब्रशने अक्षरं काढत असे. प्रोजेक्टरच्या उष्णतेने रंग पोपडे धरू लागला की दुकानदाराच्या नावातलं एखादं अक्षर गळून पडे आणि नवी स्लाइड करावी लागे. स्लाइडच्या जोडीला जाहिरातपट आले. हे छोटे जाहिरातपट देशभरच्या थिएटरांत पोचवणारी एक मोठी कंपनी मुंबईत होती, ब्लेझ. प्रेक्षकाने तिकीट काढलेलंच असे, त्यामुळे जाहिरातीचा पैसा हा थिएटरवाल्याचा वरकड नफा होता.

पण त्या वरकड नफ्यातून काय उभं राहिलं ते पाहा. श्याम बेनेगल जाहिरात क्षेत्रात काम करत होते. आपल्या पहिल्या कथापटासाठी ते वर्षानुवर्षं पैसा शोधत होते आणि शेवटी तो ब्लेझने दिला. १९७४ चा अंकुर असा झाला, मग निशांत आणि १९७७ चा भूमिका. भूमिका हा हंसा वाडकर यांच्या सांगत्ये ऐका या आत्मकथेवर उभा आहे. त्यात मुख्य भूमिका केली स्मिता पाटील यांनी, ज्यांना त्याआधी मुंबईकर प्रेक्षक दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगताना बघत होते. साबण आणि केशतेलाच्या जाहिराती गावोगाव पोचवून मिळालेल्या पैशातून मराठी अभिनेत्रीच्या आयुष्यावरचा हा चित्रपट तयार झाला. मी या व्यवसायात आले तेव्हा माझे वरिष्ठ ही गोष्ट नवख्यांना आवर्जून सांगत. तिचा माझ्यावर कायमचा परिणाम झाला. जाहिरातीच्या पैशाची मला लाज वाटत नाही, ती यामुळे. तो पैसा परत सिनेमाकडे जातो का, एवढंच मी बघते.

याच काळात तिसरा मार्गही एकदा चालून पाहिला गेला. १९७६ चा मंथन गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला. तिथे ना जाहिरातदार होता, ना सावकार. तो प्रयोग देखणा होता, पण त्यामागे एक मोठी सहकारी चळवळ आधीपासून उभी होती. ती सगळ्यांकडे नसते.

आता रेडिओकडे येते, कारण चित्रपट फुकट घरात आला तो आधी कानांच्या वाटेने आला. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि चित्रपटगीतांविषयी त्यांचं मत प्रतिकूल होतं. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी आटली. श्रोते सुई फिरवत फिरवत सिलोनला पोचले. तिथे बिनाका गीतमाला लागत असे आणि तिचे पैसे टूथपेस्टची कंपनी भरत असे. निवेदक अमीन सायानींचा आवाज मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून लघुलहरींवर परत आपल्या घरात यायची. सरकारने जे दार लोटलं ते एका टूथपेस्टने उघडलं. १९५७ साली विविध भारती सुरू झाली ती या ओढ्याला बांध घालण्यासाठीच, आणि दहा वर्षांनी तिच्यावरही जाहिराती आल्या.

तरी रेडिओ पुरता फुकट नव्हता. घरात रेडिओ ठेवायचा तर परवाना लागे. त्याची छोटी पुस्तिका मिळे आणि दरवर्षी पोस्टात जाऊन तिचं नूतनीकरण करावं लागे. पुढे टीव्हीलाही हाच नियम लागला. म्हणजे सुरुवातीला प्रेक्षक दोनदा पैसे मोजत होता: एकदा सरकारला परवान्याचे आणि एकदा जाहिरात ऐकून आपल्या वेळेचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हे परवाने रद्द झाले. का झाले, त्याचं एक उत्तर आमच्या खात्यातल्या हिशोबवह्यांत सापडलं असतं. जाहिरातीचं उत्पन्न तोवर इतकं वाढलं होतं की पोस्टाच्या खिडकीवर होणाऱ्या वसुलीची मातब्बरी उरली नव्हती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी पुण्याला प्रक्षेपण दिसू लागलं. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी, गुरुवारी चित्रपटगीतांचं छायागीत. पहिली काही वर्षं त्यात जाहिरात नव्हती. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनने जाहिराती घ्यायला सुरुवात केली, आणि माझ्या पिढीच्या मीडियावाल्यांना काम मिळालं.

शनिवारच्या चित्रपटातली जाहिरात कशी लागायची ते नीट सांगते, कारण आता ते कोणी करत नाही. आधी आम्ही दूरदर्शनच्या नावाने रिलीज ऑर्डर काढायचो. तिला सगळे आरओ म्हणत. तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव, मालाचं नाव, भाषा, सेकंद, तारीख आणि कोणत्या वर्गाची वेळ हे सगळं टाइप केलेलं असे. एक चूक झाली की ऑर्डर परत. मग यू-मॅटिकची कॅसेट. ती आजच्या एखाद्या जाडजूड पुस्तकाएवढी असायची आणि तिच्यात असायचे दहा किंवा वीस सेकंद. टेपच्या सुरुवातीला रंगांचे पट्टे आणि एक सलग शिट्टी, त्यानंतर नाव आणि सेकंद लिहिलेली पाटी, मग उलटे आकडे आणि मग जाहिरात. या सगळ्या लवाजम्यात जाहिरात सगळ्यात छोटी. आमचा शिपाई ती कॅसेट कापडी पिशवीतून वरळीच्या दूरदर्शन केंद्रात घेऊन जायचा. महिनाअखेरीला दूरदर्शनकडून बिलासोबत प्रक्षेपणाचा दाखला यायचा: अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक स्पॉट दाखवला. तो फायलीला लागल्याशिवाय गिऱ्हाईक पैसे सोडत नसे.

चित्रपटाचं नाव जाहीर झालं की आमच्याकडे फोन सुरू होत. घरगुती विषयाचा, सगळ्यांनी मिळून बघायचा, गाण्यांचा चित्रपट असला की मसालेवाले, साबणवाले, दंतमंजनवाले रांग लावत. सिनेमाच्या आधी एक जुडगा जाहिराती, मध्ये बातम्यांसाठी सिनेमा थांबे तेव्हा आणखी काही. एका संध्याकाळचा एकच चित्रपट आणि अख्खं शहर तोच बघतंय, ही गोष्ट जाहिरातदाराला पुन्हा कधी मिळाली नाही. चाळीत ज्याच्याकडे टीव्ही असे त्याच्या खोलीत पन्नास माणसं बसत. काही यजमान पोरांकडून चार आणे घेत, तेवढं सोडलं तर सिनेमा फुकट. ज्या बायकांना थिएटरात एकटीने जाण्याची मुभा नव्हती, ज्या म्हाताऱ्यांना जिना उतरवत नव्हता, त्यांनी आयुष्यातले बहुतेक चित्रपट या शनिवार-रविवारी पाहिले. त्यांचं तिकीट कोणत्यातरी साबणाने काढलं होतं. हे उपकार मी मोलाचे मानते.

विको हे त्यातलं ठळक मराठी उदाहरण. केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळला सुरू केलेला हा आयुर्वेदिक दंतमंजनाचा घरगुती उद्योग. १९८४ साली दूरदर्शनवर ये जो है जिंदगी ही मालिका आली तेव्हा तिच्यामागे विको प्रायोजक म्हणून उभी होती. त्याच वर्षी हम लोग सुरू झाली, तिचे पैसे झटपट शेवयांच्या कंपनीने भरले. इथे एक मोठा बदल झाला आणि तो तेव्हा फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. आधी दूरदर्शन चित्रपट निवडत असे आणि जाहिरातदार त्यात जागा घेत असे. आता प्रायोजक कार्यक्रम घेऊनच येऊ लागला. काय दाखवायचं हे ठरवण्याचा अधिकार थोडाथोडा करून पैसे भरणाऱ्याकडे सरकला. १९८७ मध्ये रामायण आणि १९८८ मध्ये महाभारत आलं तोवर हे सरकणं पुरं झालं होतं.

या सगळ्याच्या शेजारी फुकट सिनेमाची आणखी एक परंपरा महाराष्ट्रात नांदत होती, गणेशोत्सवाची. रस्त्याच्या मधोमध बांबूंना पांढरं कापड ताणून मंडळ १६ मिलिमीटरचा सिनेमा दाखवायचं. वर्गणी आणि स्मरणिकेतल्या जाहिराती यातून प्रोजेक्टरचं भाडं निघायचं. कापड पातळ, म्हणून दोन्ही बाजूंना माणसं बसत. मागच्या बाजूच्यांना सगळं उलटं दिसे: नावं उलटी, नायक डावखुरा. जागा नसली की आम्ही मुली तिकडेच बसायचो. ऐंशीच्या दशकात कापडाच्या जागी टीव्ही आणि भाड्याचा व्हीसीआर आला, एका रात्रीत तीन-चार सिनेमे दाखवले जाऊ लागले. त्या कॅसेटींवरही जाहिराती होत्या. सिनेमा चालू असताना पडद्याच्या तळाशी अक्षरांची पट्टी सरकत राहायची.

केबल आली तेव्हा ही पट्टी गल्लीतल्या दुकानदारांच्या हाती गेली. नव्वदच्या दशकात प्रत्येक केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल असे. तो घरी बसून कॅसेट लावायचा आणि खाली साडी सेंटर, क्लासेस, लग्नाचा हॉल यांची नावं धावायची. त्यातले कितीतरी चित्रपट निर्मात्याला एक पैसाही न देता दाखवले जात. मराठी निर्मात्याचं या काळात अतोनात नुकसान झालं. थिएटर मिळत नव्हतं, आणि गावात सिनेमा लागण्याआधी केबलवर दिसून जायचा. १९९५ मध्ये केबलचा कायदा झाला. तो पाळला जायला बराच काळ जावा लागला.

मराठीला खाजगी उपग्रह वाहिनी १५ ऑगस्ट १९९९ रोजी मिळाली, अल्फा टीव्ही मराठी, म्हणजे आजची झी मराठी. ऑगस्ट २००७ मध्ये झी टॉकीज आली, फक्त मराठी चित्रपटांची. मीडिया खात्यातल्या माझ्यासारखीला ही घटना फार मोठी वाटते. चित्रपट दिवसरात्र दाखवायचे तर ते विकत घ्यावे लागतात, आणि विकत घ्यायचे तर निर्मात्याला पैसे द्यावे लागतात. उपग्रह हक्कांचे पैसे ही मराठी निर्मात्याच्या अंदाजपत्रकातली एक खरी ओळ झाली. वर्षानुवर्षं डब्यात पडलेल्या जुन्या सिनेमांनाही किंमत आली. ज्यांच्याकडे केबलचे पैसे नव्हते त्यांच्यासाठी डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनची फुकट छत्री होती, आधी डीडी डायरेक्ट प्लस आणि नंतर डीडी फ्री डिश. ती एकदा बसवली की महिन्याचं भाडं नाही. पुढे त्या छत्रीवर फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा, झी चित्रमंदिर अशा वाहिन्या आल्या. शेताच्या कडेला, ऊसतोडीच्या खोपीवर दिसणाऱ्या त्या छत्रीखाली मराठी सिनेमा आजही चालू आहे, जाहिरातीच्या पैशावर.

इंटरनेटवरची सुरुवातही मुंबईतच झाली, प्रभादेवीच्या राजश्रीकडून. १९४७ साली ताराचंद बडजात्यांनी काढलेल्या या जुन्या संस्थेने १० नोव्हेंबर २००६ ला विवाह हा चित्रपट थिएटरांत आणला त्याच दिवशी आपल्या संकेतस्थळावरही ठेवला. त्याचे दहा डॉलरच्या आसपास मोजावे लागत. जुना माल मात्र जाहिरातींच्या जोरावर फुकट बघता येई. तेव्हा आपल्याकडच्या घरगुती जोडणीवर तीन तासांचा सिनेमा दिसणं अशक्यच होतं. तो बघत होते अमेरिकेतले आणि आखातातले आपले लोक. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला जुना चित्रपट बघायचा तर कोणीतरी भारतातून सीडी आणेपर्यंत थांबावं लागे. फुकट सिनेमाच्या या नव्या युगाचे पहिले मराठी प्रेक्षक परदेशात होते.

७ मे २००८ ला यूट्यूबची भारतीय आवृत्ती सुरू झाली. पण खरं दार उघडलं ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ आलं तेव्हा. पहिले काही महिने डेटा फुकट, नंतर स्वस्त. जो चित्रपट शनिवारची वाट बघत पाहावा लागे तो भाजी निवडता निवडता, एसटीत, रात्रपाळीच्या केबिनमध्ये बघता येऊ लागला. अमेरिकेत हाच व्यवहार मोठ्या भांडवलाने चालू झाला होता. प्लूटो टीव्ही २०१९ मध्ये व्हायकॉमने ३४ कोटी डॉलरला घेतली, टुबी २०२० मध्ये फॉक्सने ४४ कोटी डॉलरला. दोन्हींची कल्पना आमच्या शनिवारच्या चित्रपटाचीच: पैसे देऊ नका, जाहिरात बघा.

आपल्याकडे फेब्रुवारी २०१९ मध्ये एमएक्स प्लेअरने या वाटेवर पाऊल टाकलं आणि मराठीत नवी निर्मिती केली. आणि काय हवं ही प्रिया बापट आणि उमेश कामत यांची मालिका त्याच वर्षी आली. मार्च २०२० मध्ये समांतर आली, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून. ती मूळ मराठी. हिंदी, तमिळ आणि तेलुगूत तिचे अनुवादित आवाज चढवले गेले. एक पैसा न मोजता ती लाखो घरांत पोचली, टाळेबंदीत तर फारच. वाचनालयात फाटेपर्यंत वाचल्या गेलेल्या शिरवळकरांना जाहिरातीच्या पैशाने नवा वाचकवर्ग मिळवून दिला. अंकुरनंतर मला इतकं समाधान याच वेळी वाटलं. पुढे २०२४ मध्ये एमएक्स प्लेअर अ‍ॅमेझॉनकडे गेलं, नाव बदललं, सेवा फुकटच राहिली. सरकारनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात वेव्हज हे प्रसार भारतीचं व्यासपीठ सुरू केलं.

इथवरचा इतिहास मी मन लावून सांगितला, कारण त्यात अभिमान वाटावा असं पुष्कळ आहे. आता जे खुपतं ते सांगते.

यूट्यूबवर जुना मराठी सिनेमा शोधा. एकाच चित्रपटाच्या पाच-सहा प्रती दिसतात. त्यातली एक उघडली की चेहरे ओळखीचे असूनही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. थोड्या वेळाने कळतं: दुकानाची पाटी उलटी आहे, नायिका डाव्या हाताने आरती ओवाळते आहे, तबलजीचा डग्गा भलत्या बाजूला आहे. चित्र आरशातल्यासारखं पालटलेलं असतं. कधी आवाज थोडा चढवलेला, कधी भोवती रंगीत चौकट. यूट्यूबचं यंत्र मूळ मालकाची प्रत ओळखून तिच्याशी जुळणारा माल पकडतं. त्या यंत्राला चकवण्यासाठी हे केलं जातं. गणपतीत कापडामागे बसून आम्ही उलटा सिनेमा बघायचो तो जागेअभावी. इथे तो चोरी लपवण्यासाठी उलटा केलेला असतो. यूट्यूब अशा लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के ज्याचं चॅनेल त्याला देतं. उलट्या प्रतीचे हे पैसे ज्याने चित्रपट काढला त्याच्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे जात नाहीत. ज्याने तो पालटला त्याच्याकडे जातात.

दुसरं, जाहिरातीची जागा. व्हिडिओखालच्या रेघेवर पिवळ्या खुणा असतात, तिथे तिथे सिनेमा थांबतो. मालकाला त्या खुणा स्वतः ठरवता येतात. त्याने ठरवल्या नाहीत तर यंत्र ठरवतं. मराठी चित्रपटाला मध्यंतर असतं, गाण्याआधी एक श्वास असतो. मनावर घेतलं तर जाहिरातीला सन्मानाची जागा त्यात सापडते. १९३६ चा प्रभातचा संत तुकाराम, ज्याचा १९३७ साली व्हेनिसला गौरव झाला, अभंगाच्या ओळीच्या मधोमध तुटून पंख्याची जाहिरात लागते तेव्हा माझ्यातली मीडियावाली आणि माझ्यातली प्रेक्षक दोघी एकदम संतापतात. आम्ही दहा सेकंदांच्या स्पॉटसाठी दूरदर्शनकडे अर्धा तास बोलायचो: बातम्यांच्या लगेच आधी की नंतर. आता ते बोलणारं कोणी त्या जागी बसलेलंच नाही.

तिसरं, जुन्या चित्रपटांची मालकी. भारतीय कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९५३ साली आलेल्या चित्रपटाची चित्रपट म्हणून असलेली मुदत २०१३ अखेर संपली. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा आचार्य अत्र्यांचा श्यामची आई त्याच सालचा. मुदत संपली की चित्रपट सगळ्यांचा होतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण सगळ्यांचा झालेला सिनेमा कोणाच्याच जबाबदारीचा राहत नाही. धूसर प्रत, कापलेली श्रेयनामावली, अर्धवट गाणी. ज्या छायालेखकाचं, संकलकाचं, पार्श्वगायिकेचं नाव त्या सुरुवातीच्या पाट्यांखेरीज कुठेच नोंदलेलं नाही, तेही त्या कापाकापीत जातं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून असंख्य जुनी रिळं जळाली. त्यानंतर तरी उरलेल्या प्रतींची किंमत आपल्याला कळायला हवी होती.

एवढ्या वर्षांचा हिशोब मांडून माझा निर्णय असा आहे. जाहिरातीवर चालणारा फुकट सिनेमा वाईट नाही. तो गरिबाचा, बाईचा, म्हाताऱ्याचा, परदेशी गेलेल्या मराठी माणसाचा सिनेमा आहे आणि तो राहिला पाहिजे. फरक पडतो तो पैशाच्या वाटेने. ब्लेझचा पैसा अंकुरकडे गेला, उपग्रह वाहिनीचा निर्मात्याकडे गेला, एमएक्सचा समांतरकडे गेला, म्हणून त्या त्या वेळी सिनेमा वाढला. केबलवाल्याच्या पट्टीचा पैसा सिनेमाकडे गेलाच नाही, म्हणून त्या वेळी मराठी चित्रपट खंगला. उलट्या प्रतींचा पैसाही सिनेमाकडे जात नाही. निकाल तोच लागणार.

म्हणून दोन विनंत्या. पहिली जुन्या मराठी निर्मात्यांच्या घरच्यांना. माळ्यावर किंवा एखाद्या लॅबमध्ये निगेटिव्ह असेल, प्रिंट असेल, तर ती पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे सोपवा आणि तिची नीट प्रत करून घ्या. ती प्रत आपल्या नावाच्या चॅनेलवर पूर्ण श्रेयनामावलीसह ठेवा आणि जाहिरातीच्या खुणा स्वतःच्या हाताने लावा. दुसरी प्रेक्षकांना. सिनेमा उघडण्याआधी चॅनेलचं नाव वाचा. निर्मात्याचं, अधिकृत वितरकाचं किंवा सरकारी चॅनेल असेल तर जाहिरात वगळू नका, पूर्ण होऊ द्या. त्या अर्ध्या मिनिटाचे पैसे योग्य घरी जातात. पाटी उलटी दिसली तर लगेच बंद करा आणि खरी प्रत शोधा. तिकीट तुमच्या वतीने दुसराच कोणी काढतोय, पण ते कोणत्या खिडकीवर काढायचं हे अजून तुमच्या हातात आहे.